थोरलीच्या कडेवरचं मूल

ताराबाई मोडक १९४५ च्या डिसेंबरात डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या, तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या आणि बालशिक्षणात त्यांचं नाव झालेलं होतं. भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत त्यांनी गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं होतं. त्यांचा नूतन बालशिक्षण संघ १९२६ पासून चालू होता. माँटेसरी पद्धत त्यांना पुस्तकातून नव्हे, वर्गातून ठाऊक होती. पण ही पद्धत तोवर शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांपुरती राहिली होती आणि तिची साधनं एवढी महाग, की खेड्यातल्या शाळेने त्यांच्या वाटेलाही जाऊ नये. ताराबाईंसोबत अनुताई वाघ आल्या, वय ३५. तेराव्या वर्षी वैधव्य वाट्याला आलेली ही बाई घरच्यांचा आणि समाजाचा धाक बाजूला सारून शिकली होती, शिक्षिका झाली होती.

गावात बालवाडी निघाली. बऱ्या घरची मुलं आली, मजुरांच्या वस्तीतली आली नाहीत. बोलावणी पाठवून पाहिली, तरी फरक पडला नाही. आई-बाप पहाटेच मजुरीला जात, मुलांना सोडायला-आणायला माणूस नसे. मुलांच्या अंगावर धड कपडे नसत आणि गावातल्या इतर मुलांच्या शेजारी आपल्याला बसवून घेतील का, ही धास्तीही असे.

मग दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. कुणाच्या तरी घरापुढचं अंगण झाडून घ्यायचं, जमतील त्या मुलांना न्हाऊ घालायचं, नखं कापायची, केस विंचरायचे आणि त्यानंतर गाणी-गोष्टी. खेळाची साधनं बोर्डीच्या किनाऱ्यावर आणि झाडांखाली पडलेलीच होती: शिंपले, खडे, बिया, पानं. अंगणवाडी जन्मली ती अशी. गुरं राखणारी पोरं अंगणातही सापडेनात, तेव्हा शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली.

पुढे १९५० च्या दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेलं. तिथे अडचण आणखी स्पष्ट झाली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर वर्ष-दीड वर्षाचं भावंड आहे. आई रानात किंवा मजुरीवर. या मुलीला एकटीला वर्गात बोलवायचं, तर तान्ह्याला सांभाळणार कोण? कोसबाडच्या या प्रकल्पाने, विकासवाडीने, याचं उत्तर जागेच्या रचनेतून दिलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. थोरलीने धाकट्याला पाळणाघरात ठेवावं, मधल्याला बालवाडीत सोडावं आणि आपण पाटी घेऊन वर्गात जावं. मधल्या सुट्टीत हवं तर धाकट्याला बघून यावं.

ही व्यवस्था वाचायला किरकोळ वाटते. पण गेल्या पाऊणशे वर्षांत महाराष्ट्रात हलाखीतल्या मुलांसाठी जे जे झालं, त्यातलं काय टिकलं आणि काय फसलं, हे तपासायला यापेक्षा चांगली कसोटी सापडणार नाही. शाळेचं खातं वेगळं, आरोग्याचं वेगळं, महिला व बालविकासाचं तिसरं, समाजकल्याणाचं चौथं. प्रत्येकाच्या योजना आहेत, पैसा कमी-जास्त का होईना आहे, आणि कामावर मनापासून जीव टाकणारी माणसंही आहेत. कडेवर मूल घेतलेली मुलगी मात्र या चारही खात्यांच्या मधल्या जागेत उभी असते. या प्रकरणाचा विषय ती मुलगी आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि बोर्डीच्या वस्तीतली अंगणवाडी देशभर गेली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणं, आईला आहार-आरोग्याचं शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका छपराखाली आल्या. आज गावात अंगणवाडी सेविका ही बहुधा एकमेव सरकारी बाई असते, जिला प्रत्येक घरातल्या प्रत्येक मुलाचं नाव माहीत असतं. हे यश लहान नाही. मात्र दोन गोष्टी योजनेत आल्या नाहीत. अंगणवाडी काही तास चालते, आईची मजुरी दिवसभर चालते. आणि तीन वर्षांखालच्या मुलाला अंगणवाडीतून आहार मिळतो, पण त्याला दिवसभर सांभाळण्याची सोय मिळत नाही. कोसबाडचं पाळणाघर मागे राहिलं ते इथे.

त्याची किंमत काय, हे उसाच्या फडात दिसतं.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं घराला कुलूप लावून ऊसतोडीला निघतात. काही कोल्हापूर-सांगलीकडे, काही सातारा-पुण्याकडे, काही थेट कर्नाटकात. परततात ती एप्रिल-मे मध्ये. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, या कोयत्याच्या नावावर असते. पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरायला देते. दिवसाला दीड-दोन टन ऊस निघाला, तर उचल फिटण्याची आशा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला ३६६ रुपये झाला. त्याआधी तो २७३ होता. या गणितात बाईने तान्ह्याला घेऊन तळावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बसायचं ठरवलं, की कोयता अर्धा होतो आणि उचल अंगावर राहते. म्हणून बाळंतीणही फडात जाते. गाडी भरायला रात्री दोनला आली, तर रात्री दोनलाही जाते.

मूल मग फडाच्या कडेला, साडीच्या झोळीत किंवा वाढ्यांच्या सावलीत असतं. जवळून भरलेले ट्रॅक्टर जात असतात, पाचटात साप निघतात, आणि जुन्नर-अहिल्यानगरच्या पट्ट्यात बिबट्याच्या माद्या उसातच पिल्लं घालतात. त्या मुलावर नजर ठेवायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण. ती पाणी भरते, चुलीपुढे बसते, भाकरी थापायला शिकते. तिचं नाव गावच्या शाळेच्या पटावर असतं. कागदावर ती तिसरीत आहे.

तिच्यासाठी काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पालघर-ठाण्याकडे वीटभट्टीवर राबणाऱ्या आदिवासींच्या मुलांसाठी विधायक संसद या संघटनेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. मजूर ज्या तात्पुरत्या खोपट्यांत राहत, तशाच खोपट्यात वर्ग. साखरपट्ट्यात जनार्थसारख्या संस्थांनी कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा उभ्या केल्या. कुरणशाळेचीच ही धाकटी भावंडं. शिक्षक कोप्यांमध्ये हिंडून मुलं गोळा करत, आणि पहाटे आई-बाप फडावर गेल्यावर उरलेल्या मुलांना निदान एका मोठ्या माणसाची सोबत असे.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि चित्र पालटलं. कायद्याला प्रत्येक मुलासाठी पुरती शाळा हवी होती: प्रशिक्षित शिक्षक, नियमित वर्ग, वयानुरूप प्रवेश. तळावरचा पत्र्याचा वर्ग त्यात बसत नव्हता, आणि गरिबाच्या मुलाला दुय्यम शाळा का, हा कायद्याचा प्रश्न रास्तच होता. कायद्याच्या नवव्या कलमाने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली. मूल गाव सोडताना त्याला शिक्षण हमी पत्रक द्यायचं आणि जिथे जाईल तिथल्या शाळेने ते पाहून वर्गात घ्यायचं, अशीही सोय झाली. साखरशाळा मागे पडल्या. पण तळापासून शाळा दोन-तीन किलोमीटर लांब असेल, रस्ता ऊसवाहतुकीचा असेल आणि वर्गात सगळे अनोळखी असतील, तर नऊ वर्षांची मुलगी तिथे जाईल कशी? आणि कडेवरच्याचं काय? पत्रकात त्याचा उल्लेख नसतो.

दुसरा उपाय होता हंगामी वसतिगृहाचा. मुलाने आई-बापाबरोबर जाऊच नये, गावातच राहावं. शाळा व्यवस्थापन समितीने सहा महिने त्याच्या जेवणाखाण्याची सोय करावी. प्रत्यक्षात बहुतेक मुलं शाळेत जेवतात आणि रात्री आजीकडे झोपायला जातात. जिथे मुख्याध्यापक खमका आहे आणि आजी हिंडतीफिरती आहे, तिथे हे चांगलं चालतं. मुलाचं वर्ष वाचतं. निधी वेळेवर येत नाही, दिवाळीनंतर मुलं निघून गेल्यावर मंजुरी हाती पडते, ही शिक्षकांची जुनी तक्रार आहे, आणि ती दूर करणं अवघड नाही. खरी मर्यादा निराळी. ही सोय शाळकरी मुलांची आहे. दोन वर्षांचं मूल आईबरोबरच जाणार, आणि त्याला सांभाळायला कुणाला तरी न्यावं लागणार. वसतिगृहात मुलगे जास्त राहतात आणि मुली फडावर जातात, याचं कारण आई-बापाची माया कमी-जास्त असण्यात शोधू नये; ते या हिशेबात आहे.

साखरशाळा बरी की वसतिगृह, हा वाद म्हणूनच अर्धवट आहे. सहा वर्षांखालच्या मुलाला सहा महिने आईपासून तोडणं कुठल्याही कारणाने योग्य ठरणार नाही, आणि दहा वर्षांच्या मुलीची शाळा दरवर्षी अर्धी बुडवणंही नाही. दोघांना दोन वेगळ्या सोयी लागतात आणि त्या एकाच वेळी लागतात. पहिली नसेल, तर दुसरी कागदावर राहते.

पाळणाघराची कल्पना कायद्याला अनोळखी नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने ३० हून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये झालेल्या कायद्यात ही मर्यादा ५० स्त्रियांची होती. दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजूर बायकांची मुलं धुळीत पडलेली पाहिली आणि तंबूत पाळणाघर मांडलं. त्यातून निघालेल्या मोबाइल क्रेशेस या संस्थेचं काम पुढे मुंबई-पुण्यातही पोहोचलं. इमारत पुरी झाली, की पाळणाघर मजुरांबरोबर दुसऱ्या इमारतीकडे जातं. दूध, लस, वजन, औषध, गाणी, सगळं तिथेच.

ऊस तोडणारी बाई मात्र कुठल्याच कायद्याच्या पटावर नीट बसली नाही. ती कारखान्याची कामगार नाही, कारण तिला मुकादमाने आणलं. मुकादम मालक नाही, कारण तो कारखान्यासाठी टोळी आणतो. शेतकऱ्याशी तिचा करार नसतो. ऊस तिघांचा होतो, मूल कुणाच्याच जबाबदारीत येत नाही.

आरोग्याच्या बाबतीत महाराष्ट्राने जगाला शिकवावं असं काम केलेलं आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळंत झालेल्या घरी ठरलेल्या दिवशी जायचं, बाळाचं वजन करायचं, ऊब राखायला शिकवायचं, दूध ओढतं का बघायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायचं. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मोजावे लागतात आणि ज्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं गेलं. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा; मिनिट संपायच्या आत लाल मणी आला, तर बाळ धोक्यात. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११ मध्ये देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात घरोघरीच्या या भेटी दाखल झाल्या. कुपोषणाविरुद्ध २००५ मध्ये सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ मिशनने अंगणवाडीतच ग्राम बालविकास केंद्रं चालवली आणि वाळलेल्या मुलांना तिथे महिनाभर दिवसातून अनेकदा खाऊ घातलं. २०१२ च्या पाहणीत दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून २३-२४ टक्क्यांवर आलेलं दिसलं. देशभर कौतुक झालं.

ही गती टिकली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली आणि २५ टक्क्यांहून अधिक मुलं वाळलेली. याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक असं, की आशा असो वा अंगणवाडी, दोघींचं काम गावाच्या वेशीला बांधलेलं असतं. मूल नोव्हेंबरात वेस ओलांडून गेलं, की त्याच्या वजनाचा आलेख तिथेच थांबतो. गोवराची लस चुकते. मे महिन्यात ते परत येतं, तेव्हा सहा महिन्यांत काय झालं हे सांगणारा कागद नसतो. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये, म्हणजे बोर्डी-कोसबाडच्याच मुलखात, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन मुलांना तपासतं: जन्मजात व्यंग, हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, मंद वाढ, दृष्टिदोष. चांगला कार्यक्रम. पण पथक जानेवारीत आलं, तर बीडच्या कित्येक गावांत तपासायला मूलच नसतं.

यावर महिला व बालविकास विभागाने २०२२ मध्ये स्थलांतराचा माग ठेवणारी प्रणाली आणली. गाव सोडणाऱ्या गरोदर बायका, बाळंतिणी आणि मुलांची नोंद मोबाइलवर करायची, म्हणजे ती जिथे जातील तिथल्या अंगणवाडीला आहार आणि लसीकरण पुढे चालू ठेवता येईल. दिशा बरोबर आहे. काम अवघड आहे, कारण टोळी एका जागी बसत नाही. ऊस संपला, की तळ हलतो. तरीही मूल कुठल्या तालुक्यात गेलं एवढं कळलं, तरी ती पूर्वीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

थोरली तेरा-चौदाची होते, तेव्हा प्रश्नाचं रूप बदलतं. आता तिला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं आणि फडावर उघड्या कोपीत कशी निजवायची, ही आईची काळजी. त्यात नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणून उचल मिळते, एकट्या पोराला अर्धीच. मग उरकून टाकलं जातं. २०१९-२१ च्या त्याच आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रिया भेटल्या, त्यांच्यात अठरा वर्षांआधी लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २२ टक्के होतं, बीड जिल्ह्यात जवळपास ४४ टक्के. ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, गावात बालसंरक्षण समितीही असायला हवी, मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा फोन क्रमांक तर १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाला. ऐनवेळी मांडवातून लग्न थांबवल्याच्या बातम्या येतात आणि त्या हव्यातच. पण लग्न थांबवून त्या मुलीला दुसऱ्या दिवशी कुठे पाठवायचं, याची सोय नसेल, तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावात तेच होतं. २०२१ मध्ये मंजूर झालेली संत भगवानबाबा वसतिगृह योजना या दृष्टीने महत्त्वाची आहे: ४१ तालुक्यांत मुलींसाठी ४१ आणि मुलांसाठी ४१ वसतिगृहं. पुरेशा खोल्या-खाटा आणि विश्वासाची अधीक्षिका असलेलं मुलींचं वसतिगृह बालविवाह रोखायला भिंतीवरच्या घोषणांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

बाप अपघातात गेला, आई एकटी कोयता धरू शकत नाही, अशीही घरं असतात. पूर्वी अशा मुलांची रवानगी बालगृहात व्हायची. २०१५ च्या बालन्याय कायद्याने संस्था हा शेवटचा पर्याय मानला आणि महाराष्ट्रात बालसंगोपन योजना त्याआधीपासूनच मुलाला घरात राखण्यासाठी पैसे देत आली आहे. महिन्याला ४२५ रुपये ही रक्कम कित्येक वर्षं हलली नव्हती. कोविडच्या काळात आई-बाप गमावलेल्या मुलांचा प्रश्न समोर आला, तेव्हा ती ११०० झाली आणि २०२३ मध्ये २२५०. अर्ज बालकल्याण समितीपुढे जातो आणि समिती जिल्ह्याच्या ठिकाणी बसते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, फोटो. विधवा बाईला प्रत्येक कागदासाठी एक दिवसाची मजुरी सोडावी लागते. सगळे कागद गावातच जमवून देणारी सेविका किंवा कार्यकर्ती जिथे आहे, तिथे मुलं घरात राहतात.

आता पैशाचा प्रश्न. ऊसतोड कामगारांसाठीच्या गोपीनाथ मुंडे महामंडळाला कारखान्यांनी गाळलेल्या प्रत्येक टनामागे १० रुपये द्यावेत आणि राज्य सरकारने तेवढीच भर घालावी, असं ठरलेलं आहे. हंगामात १० लाख टन ऊस गाळणाऱ्या एका कारखान्याचे एक कोटी होतात, सरकारच्या भरीसह दोन. टोळीतल्याच दोन बायकांना महिना १० हजार रुपयांवर सहा महिने पाळणाघर सांभाळायला नेमलं, तर वेतनाचा खर्च एक लाख २० हजार होतो. अशी ४० पाळणाघरं चालवली, तर ४८ लाख. दूध, खाऊ, ताडपत्री, सतरंजी, प्रथमोपचाराची पेटी यांना तेवढेच आणखी धरले, तरी सरकारच्या भरीला हात न लावता एका कारखान्याच्या तळांवरची बहुतेक लहान मुलं सावलीत येतात.

मुकादम आणि कारखाना यांच्यातला करार हंगामाआधी होतो आणि टोळीत कोयते किती, हे तेव्हाच ठरतं. त्याच कागदावर मुलांची नावं आणि वयं यांचा एक रकाना घालता येईल. तो दसऱ्याला भरला, तर कुठल्या तळावर पाळणाघर लागेल, कुठल्या उपकेंद्रात किती लसी जास्त ठेवाव्या लागतील, आणि गावच्या वसतिगृहात किती मुलींची जागा धरावी, याचा हिशेब पहिली मोळी गव्हाणीत पडण्याआधी होऊ शकतो.